मेंढीचाही ताळेबंद मांडा

परवा हिवरे बाजारला पाहुण्यांबरोबर डोंगर चढत होतो. चराईबंदीतलं गुडघाभर गवत पाहून एक जण म्हणाला, "आता हे कशाला? काश्मिरात जनुक बदललेली मेंढी झालीय. तेवढ्याच चाऱ्यात जास्त मटण!" बांधावर विळा घेऊन बसलेल्या आजींनी विचारलं, "आन् व्यायला तरास नाय व्हत तिला?"

आम्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

ती मेंढी म्हणजे 'तर्मीम'. शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात डिसेंबर 2024 मध्ये जन्मली. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन हे जनुक तिच्यात संपादित केलंय. बाहेरचं जनुक घातलेलं नाही, आणि स्नायू सुमारे 30 टक्क्यांनी वाढतील असं संशोधक सांगतात. काम मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण याच जनुकातल्या नैसर्गिक बदलामुळे पिळदार झालेल्या बेल्जियन ब्लू गाईंची बहुतेक वासरं पोट फाडून काढावी लागतात. तिथे दारात डॉक्टर येतो. धनगराच्या वाड्यावर मध्यरात्री कोण येणार?

म्हणून मला फलटण आठवतं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. जेमतेम 10 ते 15 किलोंची, पण जुळी देणारी. तिच्यातलं 'फेक-बी' जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवलं, तेही प्रयोगशाळेत कापाकापी न करता. पिढ्यान् पिढ्या संकर केला आणि जनुक कुणात आलंय ते डीएनए चाचणीने पाहिलं. त्यातून 'नारी सुवर्णा' झाली. हेच जनुक ऑस्ट्रेलियात बुरुला मेरिनोत आहे. तिथे त्याच्या दोन प्रती आल्या की एका वेताला तीन-चार कोकरं होतात, आणि मेंढीला सड दोनच! फलटणकरांनी नारी सुवर्णा धनगरांच्या कळपांत नेली, माळावर चारली, किती कोकरं जगली ते वर्षानुवर्षं मोजलं. उतावीळ माणसाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. मला तोच प्रयोगाचा नैतिक भाग वाटतो. जनुक बदलायची रीत संकराची की संपादनाची, हा वाद मला दुय्यम वाटतो.

माझं जुनं पालुपद इथे येणारच. हिवरे बाजारात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. ऊस बसत नाही म्हणून ऊस नाही. पोपटराव पवारांच्या गावाने ही शिस्त स्वतःवर लादून घेतली. आधी गवत राखलं, मग दुभती जनावरं वाढली. 150 लिटर दूध पुढे रोज हजारो लिटरवर गेलं ते या क्रमाने.

संशोधनाला हाच क्रम लावा. एका तर्मीममागे किती गर्भ वाया गेले, किती मेंढ्यांच्या पोटात ते वाढवले, त्यांचं पुढे काय झालं, हे आकडे मेंढीच्या फोटोशेजारी छापले पाहिजेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती प्रयोगातल्या जनावराकडे बघते. त्याच्या लेकी-नातींच्या वेताकडेही तिने बघावं. मार्च 2022 मध्ये काही जनुकसंपादित वनस्पतींना नियमांतून सूट मिळाली. उद्या जनावरांसाठीही ती मागितली जाईल, तेव्हा सुनावणीला एक मेंढपाळ बसलेला हवा.

आजींचा प्रश्न मी काश्मीरला लिहून कळवणार आहे. उत्तर आलं की इथेच छापेन, आणि आधी आजींना वाचून दाखवेन.