गडाचा दरवाजा आणि १२० तास

माझी एक भाची निमगाव केतकीहून रोज एसटीने बारामतीला कॉलेजला जाते. वय वीस, बी.ए.चं दुसरं वर्ष आणि घरी चार महिन्यांचं बाळ. परवा तिचा फोन आला. "मावशी, शिबिराला सात दिवस राहायचंय. बाळ आणायचं नाही म्हणतात. काय करू?"

शिबिर म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, आपल्या बोलीत एनएसएसचं. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. मीही केलंय. शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, पहाटे प्रभातफेरी, दिवसभर श्रमदान, रात्री आमटी-भात आणि गाणी. हाताला आलेले फोड एकमेकींना दाखवण्यात सुद्धा केवढी ऐट होती! तेव्हा या योजनेवर माझा राग नाही, उलट जीव आहे. म्हणूनच लिहितेय.

योजना मुळात ऐच्छिक. पण तिला श्रेयांक जोडले गेले की तास भरणं आलंच. भाचीने नाव घातलं ते पहिल्या वर्षी, लग्नाआधी. निम्मे तास भरलेत. आता सोडलं तर तेही वाया.

चार महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पाजावं लागतं. सात दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपल्या अंगणवाडीताईही सांगतात. गंमत बघा, दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो. त्यात घोषणांचे फलक घेऊन मुलामुलींनी फेरी काढली तर तिचे तास मांडले जातात. पण जी खरोखर पाजतेय, तिची मात्र गैरहजेरी!

मग मला आठवल्या आमच्याकडच्या दुष्काळी कामावरच्या बाया. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बाया झोळी बांधून त्यात पोर निजवायच्या, मधे उठून पाजायच्या, पुन्हा हातोडा धरायच्या. सोय कसली, नाइलाजच होता तो. पण पुढे कायद्याला ते दिसलं. २००५च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमायची, अशी तरतूद होती. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने नोकरदार आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी दिली. म्हणजे पगार घेऊन काम करणारीचा विचार झाला, मजुरी घेणारीचा झाला. फुकट सेवा करणारीचा तेवढा राहिला.

शिबिराचे सर वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एकीला सवलत दिली की उद्या दहाजणी येतील. येऊ देत की! अठराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी मूल, हे आपल्या तालुक्यांत काही नवलाचं नाही. एका वर्गात अशा दहाजणी असतील तर त्यांची सोय करणं हीच समाजसेवा नाही का? दुसरं म्हणणं, एक वर्ष थांब. पण आमच्याकडे बाळंतपणासाठी 'एक वर्ष' थांबलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या फार थोड्या पुन्हा एसटीत बसल्या.

एक गोष्ट मात्र मला पटते. स्वतःचं मूल सांभाळणं ही समाजसेवा म्हणून मांडू नये. भाचीलाही माफी नकोय. तिला तास भरायचेत, फक्त जागा आणि वेळ बदलून हवीय. गावातल्या अंगणवाडीत वजनं घ्यायला, लसीकरणाच्या दिवशी बायकांना गोळा करायला, आज्यांना सही शिकवायला ती घरापासून पाच मिनिटांवर आहे. नव्या बाळंतिणीशी ती जे बोलेल ते फलक घेतलेल्या मुलाला बोलता येणार आहे का? आणि शिबिराच्या गावी बाळाला घेऊन आजी सोबत आली तर एका खोलीपलीकडे काय लागणार आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून पदवीच्या विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्याचे नियम करायला सांगितलं. हजेरीत सवलत चालते, तर शिबिरात का नाही?

आपल्या एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी जो आडोसा असतो त्याला आपण 'हिरकणी कक्ष' म्हणतो. हिरकणीची कथा कुणाला सांगायला नको. दूध घालायला रायगडावर आली, सांजवेळी दरवाजे बंद झाले, बाळासाठी कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, म्हणजे ती वाट बंद केली. गडाच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं. पण आपण आजही तेच करतोय: आईचं कौतुक करायचं, तिच्या नावाच्या पाट्या लावायच्या आणि दरवाजा ठरल्या वेळी लावून घ्यायचा.

काल रात्री फोनवर आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. माफीचा शब्द त्यात कुठेही नाही. अंगणवाडीतले तास धरावेत, नाहीतर आजीसह राहायला एक खोली द्यावी, एवढंच. शनिवारी ती सरांना देणार आहे. कडा उतरायची तिची तयारी आहे हो, पण आधी दरवाजा वाजवून तरी बघू.