किती पाणी बरोबर घ्यावे?

पाण्याची बाटली कोणती घ्यावी, या प्रश्नावर रविवारी सकाळी कुणी चार रकाने लिहावेत हे काहींना जरा अतिच वाटेल. पण भंडाऱ्याच्या बाजारात एखाद्या भांड्यांच्या दुकानात शिरून पाहा. जिथे पूर्वी गुंड, गंज आणि परातींची उतरंड असे, तिथे आता एक अख्खी भिंत बाटल्यांनी व्यापलेली असते. स्टीलच्या, तांब्याच्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या, नळीच्या, बटण दाबून उघडणाऱ्या, आणि ज्यांच्या अंगावर 'सकाळी ९, दुपारी १' अशा रेघा आखून पाणी पिण्याचे वेळापत्रकच दिलेले आहे अशासुद्धा. त्यांच्याच शेजारी जिमला जाणाऱ्या पोरांसाठी शेकर. किंमत शंभर रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत. आणि गिऱ्हाईक काय पाहून निवडते? बहुतेक वेळा रंग आणि नाव. चाळीस रुपयांचा गडवा घेताना आपल्या आज्या तो वाजवून पाहत, आत हात घालून पाहत. आपण दीड हजाराच्या बाटलीचे झाकणही उघडून पाहत नाही!

ही गोष्ट भंडाऱ्यात तरी खटकायला हवी. 'भाणे' म्हणजे पितळेचे ताट, त्यावरून भंडारा हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने नोंदवली आहे. अकराशेच्या सुमाराच्या रतनपूरच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख सापडतो, हे दुसरे मत. विद्वानांनी काय ते ठरवावे. पितळेची भांडी हा या गावाचा जुना धंदा होता, आणि धातू ओळखणे ही इथल्या माणसांची अंगची विद्या होती, एवढे खरे. आज तो धंदा पार आक्रसला आहे. आधी स्टील आले, मग प्लॅस्टिक आले, आणि कल्हईवाल्याची हाक बंद झाली.

आजच्या बाटलीचा पूर्वज मात्र पितळेचाच होता. फिरकीचा तांब्या. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर तो लगेच उभा राहील. गोल पोट, आखूड मान, मानेला आटे पाडलेले, त्यावर फिरवून बसवायचे झाकण आणि उचलायला कडी. लग्नाला, यात्रेला, दवाखान्यात, जिथे माणूस गावाबाहेर पडला तिथे हा तांब्या बरोबर. आडवा केला की थोडे पाणी झिरपेच, पण चिंच आणि राख लावून तो आतूनबाहेरून घासता येई, पोचा पडला तर ठोकून काढता येई, आणि अगदीच निकामी झाला तर मोडीत त्याचे पैसे येत. एका भांड्याकडून यापेक्षा जास्त काय मागायचे?

आता तोच मान तांब्याच्या बाटलीला मिळतो आहे. आयुर्वेदाचा दाखला देऊन ती विकली जाते आणि लग्नात आहेर म्हणून दिली जाते. तिच्यात काही तथ्य नाही असे नाही. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले अतिसाराचे जिवाणू मेलेले आढळले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला दोन मिलिग्रॅम या मर्यादेच्या आतच होते. पण सोळा तास! सकाळी भरून दहा वाजेपर्यंत रिकाम्या होणाऱ्या बाटलीकडून ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शिवाय प्रयोग साध्या पाण्याचा होता. लिंबू पिळलेले पाणी, ताक, कैरीचे पन्हे, जिमवाल्यांची ती आंबटगोड पावडर, यांतले काहीही तांब्यात भरू नये. आंबटाने धातू सुटतो आणि मळमळ, उलटी होते. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. नवसागर टाकून कथलाचा हात फिरवलेली कल्हई त्यासाठीच तर होती. आजची तांब्याची बाटली बिनकल्हईची असते आणि तिचे तोंड इतके अरुंद की आत चिंच लावलेली बोटेही शिरत नाहीत. आत हिरवट थर धरला तरी दिसत नाही. घरात रात्री भरून ठेवायला तांब्याचे उघड्या तोंडाचे भांडे उत्तम. फिरतीवर नेण्याला तांब्याची बाटली मला पसंत नाही.

राहिले स्टील. इथे दुकानदार हमखास चुंबक काढतो. चुंबक चिकटला नाही की म्हणतो, 'बघा, अस्सल!' गंमत अशी की चांगल्या प्रतीचे समजले जाणारे ३०४ क्रमांकाचे स्टील चुंबकाला धरत नाही आणि स्वस्त २०१ क्रमांकाचेही धरत नाही. फरक आतल्या मिश्रणात असतो. ३०४ मध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. २०१ मध्ये महागडे निकेल कमी करून त्याची जागा बरीचशी मँगनीजने भरलेली. ज्या जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, तिथल्या माणसाला हे ठाऊक असायला हरकत नाही. मँगनीज घातलेले स्टील काही विष नव्हे, पण मीठ आणि आंबट पदार्थांपुढे ते लवकर हार मानते आणि त्यावर गंजाचे ठिपके येतात. तेव्हा चुंबकाऐवजी बुडाशी कोरलेला क्रमांक आणि मानक ब्युरोची खूण पाहावी. पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्यांना ती खूण सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला होता.

दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून घेतलेली बाटली ही तर जेम्स देवार या शास्त्रज्ञाची १८९२ ची युक्ती. अतिथंड द्रवरूप वायू राखण्यासाठी त्याने ती केली होती, आपण तिच्यात फ्रिजचे पाणी राखतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना तिची किंमत कळते, हे मान्य. मात्र विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि ट्रकच्या पुढे लटकणारी कॅनव्हासची छागल हेच काम केवळ पाझरून करीत आली, हेही विसरायला नको.

प्लॅस्टिकच्या बाबतीत एक साधी सवय लावून घ्यावी. बाटली उलटी करावी. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ असेल तर ते पेट, म्हणजे विकतच्या पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक. गरम पाण्याने ते आकसते, म्हणजे धड धुताच येत नाही. अशी बाटली वर्षभर शाळेत नेणे बरे नव्हे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते गरम पाणी सोसते आणि बहुतेक शेकर त्याचेच असतात. ७ म्हणजे 'इतर', आणि त्या 'इतर'मध्ये बरेवाईट सगळेच येते. जुने पॉलिकार्बोनेट त्यातलेच, ज्यातल्या बिस्फिनॉल-ए या द्रव्यावरून एवढा गदारोळ झाला आणि युरोपने २०११ मध्ये लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते हद्दपार केले. आता प्रत्येक शेकरवर 'बीपीए-मुक्त' असे ठळक छापलेले असते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते द्रव्य मुळात नसतेच. तांदळाच्या पोत्यावर 'यात कांदा नाही' असे छापण्यासारखेच हे.

माझा एक भाचा जिमला जातो. पाण्याला आणि प्रोटीनला तो एकच शेकर वापरत असे. मी म्हटले, 'दोन वेगळी भांडी ठेव.' त्यावर त्याचे उत्तर, 'मामाजी, दोन-दोन बाटल्या कोन धरून फिरन?' मी त्याला झाकण उघडून वास घ्यायला सांगितले. त्यानंतर वाद झाला नाही. प्रोटीनची पावडर म्हणजे बव्हंशी दुधाची निवळी वाळवून केलेली भुकटी. उरलेले चार घोट बंद डब्यात, दुपारच्या उन्हात, दुचाकीच्या डिक्कीत राहिले की त्याचे काय होते हे कोणत्याही गवळ्याला विचारावे. वास बाटलीच्या पोटात नसतो. तो झाकणाच्या आट्यांत, पिण्याच्या चोचीत आणि रबरी रिंगेखाली दडलेला असतो. म्हणून जी रिंग नखाने काढून धुता येते, ज्या झाकणाला चोरकप्पे नाहीत, ज्या तोंडातून मूठ आत जाते, तो शेकर चांगला. आतला तारेचा गोळा स्टीलचा असावा. बाकी ते काम आपल्या रवीचेच आहे, तिला फक्त दांडा नाही. आणि गरम दूध घालून शेकर कधी हलवू नये. आतली वाफ झाकण उडवते.

पंपसेटचे कर्ज मंजूर करताना आम्ही बँकेत एक प्रश्न हमखास विचारीत असू : सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का? कारण दहा रुपयांच्या वॉशरपायी पंप बंद पडला तर हप्ताही बंद पडतो. दीड हजाराच्या बाटलीलाही हाच प्रश्न विचारावा. बाटल्या फुटून कमी आणि झाकण मोडून जास्त निकामी होतात. झाकण वेगळे मिळत नसेल, तर तिच्यावर लिहिलेली आजन्म हमी कुणाच्या जन्माची, हे विचारून घ्यावे.

इथवरचे सगळे दुकानातले. पण किती मोठी बाटली घ्यावी, याचे उत्तर दुकानात नाही. ते गावात आहे. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो, त्यावर दुहेरी भिंतीच्या स्टीलचे चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड किलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाने पहिली-दुसरीच्या मुलाच्या दप्तराला १.६ ते २.२ किलो एवढीच मुभा दिली आहे. पुस्तके मग कुठे ठेवायची? त्याच धोरणात असेही म्हटले आहे की, शाळेने चांगले पाणी पुरवावे, म्हणजे मुलांना बाटली वाहावी लागणार नाही. आपण मात्र शाळेच्या टाकीत डोकावून पाहत नाही. मोठी बाटली घेतो, आणि पोराच्या खांद्यावर देतो. पालक सभेत गणवेशाच्या रंगावर तासभर बोलणारे आपण, टाकी शेवटची कधी धुतली हे विचारतो का?

भंडाऱ्याला तर हा प्रश्न अधिकच झोंबतो. वैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव, तलावांचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि आंभोऱ्याच्या संगमावर कन्हानमधून वैनगंगेत येते. खाली गोसीखुर्दचे धरण, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. वाहून जाणारी घाण आता साठून राहते, फुगवट्याबरोबर मागे येते. नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला की माणूस वीस लिटरचा कॅन लावतो, आणि त्याच कॅनमधून बाटली भरून घराबाहेर पडतो. तांब्याची बाटली जिवाणू मारील, पण सांडपाण्यातली रसायने मारणार नाही. हा प्रश्न कोणत्याही धातूने सुटणारा नाही. तो नागपूर महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पाच्या हिशेबात आहे आणि भंडारा नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरणात आहे. त्या हिशेबाबद्दल आपण जितके गप्प, तितकी आपल्या खांद्यावरची बाटली मोठी.

पहाटे भरतीच्या तयारीला उतरणारी पोरे-पोरी मी फिरायला जाताना पाहतो. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावायचे असते, मुलींना आठशे. त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे शेकर असतो. बहुतेकांकडे शीतपेयाची दोन लिटरची जुनी बाटली, चार जणांत एक. काही आदल्या रात्री भिजवलेले चणे आणतात. यांना कोणती बाटली घ्यावी हे सांगायला गेलो तर ते हसतील. मैदानाच्या कोपऱ्यात एक नळ असावा, त्याला सकाळी साडेपाचला पाणी असावे आणि ते पिण्याजोगे असावे, ही त्यांची गरज. पूर्वी बसस्थानकावर, बाजारात उन्हाळ्यात पाणपोया लागत. अजूनही लागतात, पण त्यांवर पाण्यापेक्षा फलकावरचे फोटो अधिक दिसतात. त्यांची जागा नाण्याच्या 'वॉटर एटीएम'ने घेतली आहे. एटीएममधून रोकड संपल्याची तक्रार मी नोकरीत पुष्कळ ऐकली. पाणी संपल्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची, ते तिथे कुठेच लिहिलेले नसते.

कुणी विचारलेच, तर माझ्याकडे सहाशे मिलिलिटरची एकपदरी स्टीलची बाटली आहे. रुंद तोंडाची, ३०४ क्रमांकाची, रंग न दिलेली. पाणी तासाभरात कोमट होते. नागपूरला जाताना ती पुरते, कारण वाटेत कुठे भरायची ते ठाऊक झाले आहे. पवनीला किंवा लाखांदूरकडे जाताना पुरत नाही, तेव्हा दुसरी बरोबर घेतो. तिची रिंग मागच्या उन्हाळ्यात सैल झाली. कंपनीकडे सुटी रिंग नव्हती. कुकर दुरुस्त करणाऱ्याने जुन्या गॅस्केटमधून कापून एक बसवून दिली, वीस रुपये घेतले, आणि म्हणाला, 'गुरुजी, ही तिच्याहून टिकन.' मी बँकेत होतो हे मी त्याला सांगितले नाही.