सामाईक पार्किंगचा हिशेब रमजानच्या रात्री मांडा

खाली दुकाने, मधल्या मजल्यांवर कार्यालये, वर हॉटेल आणि मागे शादीचा हॉल, अशी संकुले आता मोठ्या शहरांत उभी राहत आहेत. गाळा विकताना बिल्डर सांगतो, 'पार्किंग सामाईक आहे, फिकीर करू नका.' आम्हा कापडवाल्यांनी फिकीर करायची ती याच वाक्याची.

कल्पना मुळात चुकीची नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. एका मोटारीला सुमारे अडीच बाय पाच मीटर जागा लागते. उतार आणि ये-जा करण्याचा रस्ता धरला तर दुपटीहून जास्त. तळघर खोदून ती करायची तर खर्च शेवटी गाळ्याच्या भावातच चढतो. कार्यालयांच्या गाड्या सायंकाळी निघून जातात, हॉटेलचे मुक्कामी त्यानंतर येतात, एकाच जागेवर दोघांचे भागते. अमेरिकेतील अर्बन लँड इन्स्टिट्यूटने 1983 मध्ये या हिशेबाचे पुस्तक काढले, 2020 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. प्रत्येक वापराच्या गाड्या तासागणिक मांडायच्या, बेरीज करायची आणि सर्वांत भारी तासाला पुरेल एवढी जागा ठेवायची. हॉटेलात उतरलेला माणूस खालीच खरेदी करील तर त्याची गाडी दोनदा मोजायची नाही.

पण भारी तास कोणता? अमेरिकेत दुकानांची मोठी गर्दी डिसेंबरात, नाताळच्या आधी असते. आमची तरावीहनंतर. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शेवटच्या अशऱ्यात शहागंज किंवा सिटी चौकात रात्री जाऊन पाहावे. त्याच वेळी अजिंठा-वेरूळ पाहून आलेले पाहुणे हॉटेलवर परतलेले असतात, त्याचे उपाहारगृह भरलेले असते आणि हॉलमध्ये कोणाचे तरी रिसेप्शन चालू असते. एकाने जावे आणि दुसऱ्याने यावे, यावर सामाईक पार्किंग चालते. त्या रात्री कोणीच जात नाही.

समजा, कार्यालयांना 70 गाड्यांची जागा लागते, दुकानांना 60, हॉटेलला 50 आणि हॉलला 80. वेगवेगळी केली तर 260. दुपारी बारा वाजता मोजली तर सव्वाशेत काम होते. रमजानच्या रात्री दहाला कार्यालये बंद असूनही 190 लागतात. बिल्डर दुपारचा आकडा दाखवतो.

शिवाय रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये होता. 2030 साली एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरअखेरीस सुरू होईल, ऐन पर्यटनाच्या दिवसांत. एका वर्षाची मोजणी करून पुढच्या वीस वर्षांचा करार कसा होईल?

आम्ही हे भोगले आहे. आमच्या संकुलात गेल्या रमजानमध्ये हॉलच्या गाड्यांनी उतारापर्यंत जागा अडवली. बायका-मुलांना घेऊन आलेली गिऱ्हाइके फाटकावरूनच परत गेली, मालाचा टेम्पो रस्त्यावर उभा राहिला. मोटारसायकली तर नकाशात जवळजवळ नव्हत्याच, आणि आमचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक दुचाकीवर येते!

2016 च्या रेरा कायद्याने उघडे पार्किंग सामाईक भागात धरले आहे, ते बिल्डरला वेगळे विकता येत नाही. पण सामाईक जागा कोणत्या तासाला कोणाची, हे करारातच लिहून घ्यावे लागते. म्हणून बयाणा देण्याआधी तासवार तक्ता मागावा. त्यात रमजानची रात्र आणि लग्नसराईची सायंकाळ असावी. दुचाकी आणि टेम्पोची जागा वेगळी दाखवलेली असावी. शेवटच्या दहा रात्री हॉलवाल्याने किती गाड्या आत घ्यायच्या आणि उरलेल्या कोठे लावायच्या, हेही लिहून घ्यावे. हॉटेलवाला नाराज होईल, असे काही बांधव म्हणतात. त्याचे पाहुणे आमच्याकडूनच हिमरू घेऊन जातात, तेव्हा बोलायला हरकत नसावी. येत्या शनिवारी आमच्या गाळेधारकांची बैठक आहे आणि हॉलवाल्यालाही बोलावले आहे.