प्रवास थांबला तेव्हा प्रवासाचा अंक

घनसावंगी तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. बी.ए. झाल्या आहेत, लिहायची आवड आहे. गावोगावच्या वाटा, दर्गे, किल्ले, बाजार, खानावळी यांची माहिती देणारे लहानसे नियतकालिक काढावे असा त्यांचा विचार आहे. अब्बांची हरकत नाही, पण अम्मी विचारतात, "उद्या पुन्हा सगळे बंद पडले तर काय करशील?" हाच प्रश्न त्यांनी आमच्याकडे पाठवला आहे.

अम्मींचा प्रश्न योग्य आहे. आम्ही दोघा नवरा-बायकोने त्याचे उत्तर पदरचे पैसे घालून शिकले आहे, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देतो.

आष्टीतून आम्ही दर दोन महिन्यांनी बत्तीस पानांचा प्रवासाचा अंक काढत होतो. एकाने लिहायचे, दुसऱ्याने हिशेब आणि टपाल पाहायचे. त्यात परतूर, सेलू आणि जालन्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा असत. एसटीच्या वेळा, उरूस आणि जत्रांच्या तारखा असत. कुठे वजूला पाणी मिळते, नमाजला जागा कुठे आहे, बायकांसाठी स्वच्छ शौचालय कोणत्या थांब्यावर आहे, हेही आम्ही छापत असू. हज-उमराच्या कागदपत्रांचे एक पान कायम असे. वर्गणीतून कागदाचा आणि टपालाचा खर्च निघे. छपाई आणि आमच्या घराचा खर्च मात्र जाहिरातींवर होता. उमराचे टूरवाले, जीपवाले, बॅगांचे दुकानदार, रस्त्यावरच्या खानावळी हे आमचे जाहिरातदार. सगळी कमाई एकाच झाडाची फळे आहेत, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

27 फेब्रुवारी 2020 रोजी सौदी अरबने परदेशी यात्रेकरूंचा उमरा थांबवला. आमचा मार्चचा अंक त्या दिवशी छापखान्यात होता आणि त्यात रमजानमधल्या उमराच्या चार जाहिराती होत्या. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला. त्याच सुमारास प्रवासी रेल्वे थांबली, एसटी थांबली आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. अंकाचे गठ्ठे आमच्या घरात बाजेखाली पडून राहिले. ज्या गाड्यांच्या वेळा आम्ही छापल्या होत्या त्यातली एकही गाडी धावत नव्हती. पुढे 18 एप्रिलला राज्य सरकारने वर्तमानपत्रे घरोघरी टाकण्यावरही बंदी घातली. मोठ्या दैनिकांची ही गत, मग आमची कोण विचारतो!

पहिला फोन एका टूरवाल्याचा आला. त्याने पुढच्या तीन अंकांच्या जाहिरातीचे पैसे आगाऊ दिले होते. बिचारा रडवेला झाला होता. त्याच्याकडे लोक पैसे परत मागत होते, म्हणून तो आमच्याकडे मागत होता. आमच्याकडे ते पैसे नव्हते. त्यातून आम्ही कागद घेतला होता आणि थोडे घराच्या छपरावर गेले होते.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, करार झाला आहे, अंक निघेल तेव्हा जाहिरात छापू, पैसे परत द्यायचा प्रश्नच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, जो अंक छापलाच नाही त्याचे पैसे आपले नाहीत, ती अमानत आहे. ती आपण खर्च केली हीच चूक झाली. पहाटेपर्यंत दुसरी बाजू पटली. छापून झालेल्या जाहिरातीचे पैसे आमचे, न छापलेल्याचे त्याचे, असा हिशेब ठरला. एकरकमी देणे शक्य नव्हते, म्हणून हप्ते बांधले. शेवटचा हप्ता फिटायला दीड वर्ष लागले. व्याजाने पैसे काढायचे नाहीत आणि घरातल्या बांगड्या मोडायच्या नाहीत, हे दोन्ही आम्ही पाळले. त्यासाठी एक वर्ष शिवणकामावर घर चालले.

त्याच जूनमध्ये एक बातमी आली आणि आमचा निर्णय बरोबर होता असे वाटले. यंदा भारतातून हजला कोणी जाणार नाही असे ठरले, आणि 2 लाख 13 हजार अर्जदारांचे पैसे कोणतीही कपात न करता परत देण्याचे 23 जून रोजी जाहीर झाले. आयुष्यभर पै-पै साठवून नंबर लागलेल्या म्हाताऱ्या माणसांचे ते पैसे होते. हज हुकला याचे दुःख होते, पण पैशाचा घोर तरी राहिला नाही. लोकांनी विश्वासाने ठेवलेला पैसा कसा परत करायचा, ते सगळ्यांनी पाहिले.

वर्गणीदारांना आम्ही पोस्टकार्डे लिहिली. तीन पर्याय दिले. उरलेली वर्गणी परत घ्या, मुदत वाढवून घ्या, किंवा बारीक अंक चालत असेल तर तसे कळवा. काहींनी पैसे मागितले, ते आम्ही आधी दिले. बहुतेकांनी बारीक अंक चालेल असे लिहिले. एका आजोबांनी लिहिले, "गाडी नसली तरी वेळापत्रक वाचायला बरे वाटते." ते कार्ड आम्ही जपून ठेवले आहे.

पण आठ पानांत लिहायचे काय? याचे उत्तर आम्हाला एका फार वाईट घटनेने दिले. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मूळचे मध्य प्रदेशातले. भुसावळहून गावाकडे गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून थकून रुळांवरच आडवे झाले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही.

1 मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. पण नाव कुठे नोंदवायचे, पास कोण देतो, डॉक्टरांचा कागद लागतो का, हे किती जणांना ठाऊक होते? आम्ही वर्षानुवर्षे गाड्यांच्या वेळा छापणारी माणसे. आमच्या अंकाने ते वाचले असते असा दावा आम्ही करत नाही. पण प्रवास थांबला म्हणजे प्रवासाची माहिती नको झाली, असे समजून आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो, याची लाज वाटली. प्रवास अडला की उलट माहितीची गरज वाढते. पुढच्या आठ पानांत तेच दिले: परवानगी कशी काढायची, परगावी अडकलेल्या मुलाला कसे आणायचे, हजचे पैसे परत कसे मिळतील, एसटी कधी आणि कोणत्या अटींवर सुरू होईल. 20 ऑगस्टला आंतरजिल्हा एसटी सुरू झाली तेव्हा तिच्या वेळा आम्ही आगारात जाऊन उतरवून आणल्या.

उरलेल्या पानांत जुन्या प्रवासांच्या आठवणी घेतल्या. आमच्या भागातल्या काही म्हाताऱ्यांनी मुंबईहून जहाजाने हज केला होता. जहाजाचा हा मार्ग 1995 मध्ये बंद झाला. डेकवरचा स्वयंपाक, समुद्र लागणे, जेद्दा दिसल्यावरचा आनंद, हे नातवंडांनी फोनवर ऐकून लिहून पाठवले. जवळच्या जागाही घेतल्या. जालन्याच्या काळ्या मशिदीजवळून आपण शंभरदा गेलो असू, पण ती 1578 मध्ये निजामशाहीच्या काळात बांधली गेली, हे किती जणांना माहीत होते? समर्थ रामदासांचे जांब तुमच्याच घनसावंगी तालुक्यातले. पाहण्यासारखे सगळे लांबच असते असे नाही.

या धंद्यात मोठ्यांचे काय झाले तेही सांगतो. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत असा खुष्कीचा प्रवास करून ऑस्ट्रेलियाला पोचले. 1973 मध्ये सिडनीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी या प्रवासाचे लहान पुस्तक तयार केले आणि हातांनी टाचले. त्यातून 'लोनली प्लॅनेट' ही प्रवासी पुस्तकांची संस्था उभी राहिली. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या. ज्या वाटेवर त्यांचे नाव झाले ती वाटच बंद पडली. पण तोपर्यंत त्यांनी इतर देशांवरही पुस्तके काढली होती, आणि 1981 मध्ये भारतावर जाडजूड पुस्तक काढले. ते इतके खपले की संस्थेला भक्कम पाया मिळाला. एक वाट बंद झाली तेव्हा दुसरी हाताशी होती, म्हणून ते तरले.

पुढे ही संस्था बीबीसीने दोन टप्प्यांत सुमारे 13 कोटी पौंडांना घेतली आणि 2013 मध्ये सुमारे 5 कोटी पौंडांना विकून टाकली. 2020 च्या एप्रिलमध्ये नव्या मालकांनी मेलबर्न आणि लंडनची कार्यालये जवळजवळ बंद केली, मासिकही थांबवले आणि त्याच वर्षाअखेर संस्था पुन्हा विकली गेली. पुस्तके आजही निघतात, पण कित्येक जुन्या माणसांची नोकरी गेली. मोठा मालक पाठीशी असला म्हणजे वाचलो, असे नसते. आमचा खर्च लहान होता, पगारी माणूस नव्हता, कार्यालयाचे भाडे नव्हते, म्हणून आमचे आठ पानांवर भागले.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधली मिशलिनची प्रवासमार्गदर्शिका निघणे थांबले. पण 1944 मध्ये दोस्त सैन्याने फ्रान्समध्ये उतरताना तिचीच 1939 ची आवृत्ती पुन्हा छापून अधिकाऱ्यांना दिली, कारण तिच्यात गावांचे नकाशे चांगले होते. नीट तपासून लिहिलेली माहिती कुठे कामी येईल सांगता येत नाही. म्हणून जुने अंक रद्दीत घालू नका.

तर बहीण, अम्मींना आमचे उत्तर असे सांगा. सगळे पुन्हा बंद पडू शकते. आमच्या डोळ्यांसमोर 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा पुन्हा वेळापत्रक कोरे राहिले. पण या वेळी आम्ही घाबरलो नाही, कारण तोपर्यंत काही नियम केले होते. आगाऊ आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि अंक छापल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. एका धंद्याच्या जाहिराती निम्म्यापेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत. किराणा, औषधे, बी-बियाणे, शिकवणी यांच्याही घ्यायच्या. किमान तीन अंकांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय पाने वाढवायची नाहीत. हातात दुसरे एखादे काम ठेवायचे. आणि अडचण आली की वर्गणीदाराला ती आपणच आधी सांगायची, त्याने विचारायची वाट पाहायची नाही.

2022 मध्ये भारतातून पुन्हा हजला लोक गेले, 79,237 जणांचा कोटा होता. आमच्या पहिल्या टूरवाल्याने त्या वर्षी परत जाहिरात दिली. पैसे आगाऊ देत होता, आम्ही अंक हातात पडल्यावर घेतले. आमचा अंक आजही सोळाच पानांचा आहे आणि तीन महिन्यांनी निघतो. बत्तीस पाने परत करावीत असे मन म्हणते, हिशेबाची वही अजून नाही म्हणते, आणि आम्ही वहीचे ऐकतो.

तुम्ही आठ पानांनी सुरुवात करा. घनसावंगीच्या बसस्थानकावर उभे राहून वेळा स्वतः लिहून घ्या, दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका. पहिला अंक निघाला की आष्टीला एक प्रत पाठवा, पण फुकट नको. वर्षाची वर्गणी आम्ही भरू, आणि ती वेगळ्या खात्यात ठेवली का, हेही विचारू.