अंदमानला कधी जायचं?

दोस्तांनो, "अंदमानला चला ना!" असा आईबाबांकडे लकडा लावण्याआधी जरा कॅलेंडर बघा. आपल्याकडे पावसाळा एकदाच येतो, अंदमानात तो दोनदा गाठतो! नैऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथं पोचतात. ते सरतात न सरतात, तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस येतात. म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी!

नुसतं भिजायचं असतं तर कोण घाबरलं असतं? पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला बोट लागते, आणि समुद्र खवळला की बोटी बंद. पाणी गढूळलं की प्रवाळही नीट दिसत नाहीत.

मग नाताळची सुट्टी? बरी, पण हमखास नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले, शेवटी नौदलाला धावावं लागलं. शिवाय तेव्हा पाचच्या सुमारालाच सूर्य मावळतो. बेटं इतकी पूर्वेला, अन् घड्याळ मात्र आपलंच!

मला विचाराल तर वार्षिक परीक्षा संपताच, एप्रिलमध्ये निघावं. घामाच्या धारा लागतील खऱ्या, पण समुद्र बहुधा शांत असतो. सेल्युलर जेलच्या उघड्या अंगणातला प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रमही छत्रीविना बघता येईल. तिकिटांचं मात्र घरी जानेवारीतच काढा, बरं का!