चुलीची लाज परदेशी नेऊ नका

यवतमाळ जिल्ह्यातील आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी परदेशी निघू लागली आहेत. ज्यांच्या आजा-आजीने दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, त्यांची नातवंडे इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत प्रवेश घेतात. ही विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीची कमाई आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे! प्रवेश, व्हिसा आणि शिष्यवृत्ती यांवर आपल्या वस्त्यांत आता भरपूर बोलले जाते. पण एका साध्या प्रश्नावर कुणी बोलत नाही. परक्या कुटुंबात खोली घेऊन राहणारे आपले लेकरू तिथे खाणार काय? यजमानांच्या स्वयंपाकघरात ते आपल्या घरचे अन्न मोकळेपणाने शिजवील, की लपूनछपून?

हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. या देशात जातीने माणसाला पहिल्यांदा गाठले ते पाण्यावर आणि ताटावर. कोण कुणाच्या हातचे खातो, कुणाच्या चुलीवर काय शिजते, यावरून इथे माणसाची किंमत ठरली. तेव्हा आपल्या चुलीचा प्रश्न हा निव्वळ चवीचा प्रश्न कधीच नव्हता.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा पहिल्या वसतिगृहातील अन्न त्यांना रुचले नाही व त्यांनी मुक्काम हलवला. पुढे १९२० साली ते लंडनला गेले. तिथल्या घरमालकिणीकडे सकाळी मिळे तो पावाचा एक तुकडा, माशाचा तुकडा आणि कपभर चहा. दिवसभर ग्रंथालयात बसून दुपारचे जेवण टाळायचे, कारण खिशात पैसा नव्हता. रात्री भूक असह्य झाली की एका गुजराती ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांपैकी चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. चरित्रकारांनी हे लिहून ठेवले आहे. परदेशी घरमालकिणीच्या घरात भाजलेला तो पापड हाच आपल्या समाजाच्या परदेशी शिक्षणातला पहिला घरचा घास होय! आणि त्याच काळात इकडे मुंबईत माता रमाई अर्धपोटी राहून संसार रेटत होती, हेही विसरून चालणार नाही.

या दोन प्रवासांच्या मध्ये बडोदा आहे. कोलंबियातून शिकून आलेल्या याच माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून आसरा घ्यावा लागला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. लंडनची घरमालकीण कंजूष होती, कठोर होती. पण तिच्या घरात त्यांचा मुक्काम जातीवर अवलंबून नव्हता. तिच्याकडे पोट भरत नव्हते एवढेच. बडोद्यात मात्र त्यांना माणूस म्हणूनच नाकारले गेले. हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

आज शंभर वर्षांनंतर काय बदलले? नागपूर-पुण्यात खोली शोधणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला अजूनही आधी आडनाव विचारतात आणि मग ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असे सांगतात. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनालयात शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड ठोठावण्यात आला. अशा हवेत वाढलेले पोर सुकटीचा डबा उघडताना आजूबाजूला पाहते, यात त्याचा दोष काय? ही लाज त्याची नाही. ती त्याला शिकवली गेली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, विमानात बसताना ती लाज सामानात नेऊ नका.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहून मराठवाड्यातील मांग-महारांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. २०२४ साली ते इंग्रजीत गेले. जे अन्न इथे नाक मुरडण्याचा विषय होते, ते आता जगभर वाचले जाते. मग आपल्या विद्यार्थ्याने यजमान कुटुंबासमोर भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी ठेवताना संकोच का करावा? उलट जेवताना सांगावे की, ही भाकर आमच्या मायने कशी थापली, हा कापसाचा मुलूख कसा आहे, आणि याच भाकरीसाठी आमच्या माणसांना गावकुसाबाहेर का राहावे लागले. दहा भाषणांनी होणार नाही ते काम एक जेवण करील.

शिस्त मात्र पाळावी. दुसऱ्याचे स्वयंपाकघर आहे, तेव्हा आधी विचारावे. फोडणी देताना खिडकी उघडावी, पंखा लावावा, नाहीतर धुराने आगीचा भोंगा वाजतो. बोंबील भाजायचे तर घरच्यांना आधी सांगावे. भांडी व ओटा स्वच्छ करून ठेवावा. हा लाचारपणा नव्हे, सौजन्य आहे. आणखी एक. ब्रिटनमध्ये भारतातून मांसाचे व दुधाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यासाठीही नेता येत नाहीत. म्हणजे मायने वाळवलेल्या चान्या आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी लागेल. ज्या देशात जायचे तिथले नियम आधी पाहून घ्या, नाहीतर विमानतळावर सगळे फेकले जाते.

आणि मुलांनो, भाकर थापायला जाण्याआधी शिका! आईने डबा भरून द्यायचा आणि पोराने फक्त खायचे, ही रीत समतेच्या चळवळीत शोभत नाही. भारतीय मुलांसोबत एकत्र खोली घेतली आणि तिथे कुणी आडनाव विचारून भांडी वेगळी केली, तर गप्प बसू नका. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर कायद्याने बंदी घातली, ती आपल्याच लोकांनी आवाज उठवला म्हणून.

शेवटी सरकारला सवाल. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांवर आपली लेकरे जातात. निर्वाह भत्त्याचा हप्ता लांबला तर सगळ्यात आधी तुटते ते विद्यार्थ्याचे जेवण. केंद्राने तर २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषयच वगळून टाकले. म्हणजे आपल्या मायच्या चुलीचा इतिहास कुणाला परदेशी विद्यापीठात अभ्यासायचा असेल, तर त्याला ही शिष्यवृत्ती नाही! हे कुणाच्या सोयीचे आहे, हे सांगायला नको.

लंडनमधील बाबासाहेबांचे निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, त्याचे स्मारक झाले, आनंद आहे. परंतु त्या लंडनमध्ये ते उपाशी राहून शिकले, हे ज्यांना खरोखर कळले, त्यांनी आज तिथे शिकणाऱ्या एकाही विद्यार्थ्याचा भत्ता एक दिवसही अडकू देता कामा नये. आणि समाजाने आपापल्या तालुक्यातून कोण गेले याची नोंद ठेवावी, हप्ता उशिरा आला तर मदतीला धावावे. चार पापडांवर रात्र काढण्याची पाळी आता कुणावर येऊ नये, ही जबाबदारी आपली सर्वांची आहे. जयभीम!