५जी लिहिलंत, आता बँडही लिहा

सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा निघाला आणि कापसाचा पहिला चुकारा हातात आला, की वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळीत मोबाईलची दुकानं भरतात. माझंही इथे विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. पोराच्या शिक्षणासाठी, सुनेच्या हट्टासाठी किंवा जुन्याची बॅटरी टिकत नाही म्हणून माणसं येतात आणि काउंटरवर पहिला प्रश्न टाकतात, “ताई, फाइव्ह जी हाये ना?” खोक्यावर ठळक अक्षरांत ५जी छापलेलं असतं. मी हो म्हणते, आणि ते हो खरंही असतं. पण तेवढं खरं गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही. त्याला कळायला हवं ते हे, की माझ्या सिमवर, माझ्या गावात, माझ्या वावरात हा फोन ५जी पकडेल का? याचं उत्तर खोक्यावर कुठेच नसतं.

भिडीकडचे एक काका गेल्या हंगामात दुकानात आले. नवा फोन मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून दिलेला. स्क्रीनवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. म्हणाले, “ताई, फोन फाइव्ह जी, पॅक फाइव्ह जीचा, मंग दुपारपासून नेट काहून नाई चालत?” मी सेटिंग उघडून पाहिली. ५जी चालू होतं. त्यांचंच सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, तर दुकानात बसल्या जागी ५जी आलं. परत त्यांच्या फोनमध्ये टाकलं, तर ४जी. फोनमध्ये बिघाड नव्हता आणि सिममध्येही नव्हता. दोघांची जातकुळी जुळत नव्हती, एवढंच.

ही भानगड समजून घ्यायला हवी, कारण ती तंत्रज्ञांपुरती राहिलेली नाही. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. त्याच महिन्यात एअरटेलने पहिल्या आठ शहरांत सेवा दिली, त्यात आपलं नागपूर होतं. पण दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. एअरटेलने आपल्या उभ्या असलेल्या ४जीच्या आधाराने ५जी चालवलं. त्याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. जिओने ५जीचं जाळं स्वतंत्र उभारलं, ते स्टँडअलोन. फोनला दोन्ही जमत असेल तर प्रश्नच नाही. पण स्वस्तातल्या काही फोनना एकच जमतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला शाओमीचा रेडमी ए-४ ५जी फक्त स्टँडअलोनवर चालणारा होता, म्हणून एअरटेलच्या तेव्हाच्या ५जीवर तो चालणार नाही, हे त्याच वेळी बातम्यांत आलं होतं. महाग फोन घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. २०२२मध्ये आयफोनवाल्यांनासुद्धा भारतातल्या ५जीसाठी डिसेंबरच्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं होतं. बातमी वाचणाऱ्याला हे कळतं. देवळीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

कोणी म्हणेल, ५जी नाही तर नाही, ४जीवर काम होतंच की. होतं, पण कुठवर, ते पाहा. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवलं. काकांनी तोच महागडा पॅक टाकला होता. फोन ५जी पकडतच नाही म्हटल्यावर त्यांचं सगळं नेट ४जीच्या दोन जीबीतून जायचं. घरातली पोरं व्हिडिओ पाहायची आणि दुपारपर्यंत कोटा खलास. त्यानंतर वेग येतो ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट. दोन एमबीचा एक फोटो वर चढवायला चार मिनिटांहून जास्त लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. सरकारच्याच व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान दोन एमबीपीएस वेग लागतो. हा त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढा.

आता शेतकऱ्याचं कोणतं काम फोनवर आलं आहे, तेही बघा. २०२१पासून ई-पीक पाहणी आहे. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो वर चढवायचा. २०२५-२६च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची झाली, आणि माल नेण्यासाठी स्लॉटही त्याच ॲपवर धरायचा. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. खासगी भाव त्याच्या खाली असतो तेव्हा स्लॉट हुकणं म्हणजे खेडा खरेदीच्या काट्यावर, पडेल त्या भावाने माल घालणं. ॲपचं चाक फिरत राहतं, ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपते आणि दिवस जातो. ५जीची जाहिरात सिनेमा किती सेकंदांत उतरतो ते सांगते. आमच्याकडे वेगाचा हिशेब क्विंटलमध्ये होतो.

स्टँडअलोनची गोष्ट ही अर्धीच. उरलेली अर्धी बँडची, म्हणजे लहरींच्या पट्ट्याची. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर माल जास्त वाहते, पण लवकर दमते. म्हणून टॉवरजवळ, गावच्या चौकात, वेग मस्त मिळतो आणि यशोदेच्या काठच्या वावरात रेंजची एकच दांडी उरते. वावरापर्यंत पोहोचणारा बँड तुमच्या फोनमध्ये नसेल, तर कंपनीने कितीही जाळं विणलं तरी तुमच्यासाठी ते नाहीच. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ला देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं, आणि आमच्या भागातल्या जुन्या ग्राहकांना आनंद झाला. पण सरकारने बीएसएनएलला दिलेल्या पट्ट्यांत ७०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि बरेच जुने ४जी हँडसेट तो बँड ओळखत नाहीत. आखातातून नातेवाइकाने आणलेल्या फोनचंही असंच. दिसायला तोच, नाव तेच, पण तिकडच्या जाळ्यासाठी बनलेल्या मॉडेलमध्ये इकडचा एखादा बँड नसू शकतो.

दूरसंचार नियामक ट्रायने एक काम चांगलं केलं आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला २जी, ४जी, ५जी कुठे पोहोचतं त्याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. मी दुकानात तो नकाशा उघडून गिऱ्हाइकाला त्याचं गाव दाखवते. अंदोरीचा असो की गिरोलीचा, माणूस वाकून आपलं वावर शोधतो. रंग दिसला की खूश होतो. पण जाळं गावात आहे, एवढंच नकाशा सांगतो. तुमच्या हातातला फोन त्या जाळ्यात बसतो का, हे फोन बनवणाऱ्यानेच सांगायला हवं. तो सांगत नाही तोवर नकाशाचाही उपयोग अर्धाच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खोक्याच्या बाहेर, सील न तोडता वाचता येईल अशा जागी दोन ओळी छापा. पहिली: ५जी स्टँडअलोन, नॉन-स्टँडअलोन की दोन्ही. दुसरी: ४जी आणि ५जीचे कोणते बँड चालतात. शेजारी हीच माहिती मराठी-हिंदीत. वैधमापन नियमांप्रमाणे खोक्यावर आजही किंमत, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता, देश, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. त्यात या दोन ओळी वाढल्याने कुणाचा कारखाना बुडणार नाही.

कंपन्या म्हणतात, ही माहिती वेबसाइटवर आहे. आहे, इंग्रजीत, पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. माझ्याच धंद्यातले काही म्हणतात, गिऱ्हाइकाला बँड काय कळणार, उगाच घोळ होईल आणि विक्री जाईल. मला हे पटत नाही. ज्या शेतकऱ्याला तुम्ही अडाणी समजता, तो खताचं पोतं घेताना १०:२६:२६ आणि २०:२०:०:१३ यातला फरक सांगतो. सरकीच्या पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, मुदत वाचून घेतो आणि पावती जपून ठेवतो, कारण बियाणं फसलं तर दाद मागायला तोच कागद लागतो. हे आकडे त्याला कुणी शाळेत शिकवले नाहीत. कायद्याने ते छापायला लावले आणि गरजेने तो वाचायला शिकला. एन-२८ आणि एन-७८ ही ५जी बँडची नावंही तो दोन हंगामांत शिकेल. आज त्याला ते छापूनच मिळत नाहीत.

आणि विक्री जाईल म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, की फोन चालला नाही तर माणूस पुण्याच्या गोदामात जात नाही. तो ओळखीच्या दुकानदारासमोर उभा राहतो. एकदा सील फुटलं की आम्ही परत घेऊ शकत नाही, आणि त्याचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात. तेव्हा खोक्यावर खरी माहिती असणं विकणाऱ्याच्याही हिताचं आहे.

नियम बदलेपर्यंत घेणाऱ्याने एवढं करावं. फोन ठरवण्याआधी आपलं सिम कोणत्या कंपनीचं ते सांगावं आणि त्या कंपनीचं ५जी या मॉडेलवर चालतं का, ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. जमलं तर आपलं सिम त्याच मॉडेलच्या डेमो फोनमध्ये टाकून पाहावं. घरी आणलेला फोन ५जी दाखवत नसेल, तर मोठा पॅक टाकण्याआधी सेटिंग आणि अपडेट तपासावं. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. जिल्हा ग्राहक आयोग वर्ध्यात आहे.

पण हा सगळा भार घेणाऱ्यानेच का उचलायचा? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. कोणत्या जाळ्यावर चालतो ही फोनची क्षमता नाही, तर दुसरं काय आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने आणि दूरसंचार विभागाने एकत्र बसून हा नियम करावा, आणि आमच्या लोकप्रतिनिधींनी तो लावून धरावा. सरकारने हमीभावाचा दरवाजा फोनमधून उघडायचा ठरवलं आहे. मग तो फोन आपल्या गावात चालेल की नाही, हे पैसे मोजण्याआधी कळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो खोक्यावरच छापून मिळाला पाहिजे.